घर जवळ आलं की थांबा

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर मोठा अपघात झाला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो रस्ता एकदम अमेरिकेसारखा झालाय, लोकांना चालवायची अक्कल नाही. दुसरा म्हणतो रस्ताच घातकी, सिमेंटवर टायर तापून फुटतात, त्यापेक्षा आपला मेहकरवरून जाणारा जुना रस्ता काय वाईट होता. मी जालन्याची, माझं सगळं माहेर या रस्त्यावरून ये-जा करतं, त्यामुळे गप्प बसवत नाही, आणि आता तर अजिबातच नाही, कारण आम्ही नुकतंच कॅलिफोर्नियातलं बिऱ्हाड न्यू जर्सीला हलवलं आणि सामान ट्रकनं पाठवून आम्ही तिघं गाडीनं आलो, फ्रीमाँट ते एडिसन, अख्खा देश आडवा. एवढं अंतर कापल्यावर मला तरी वाटतं की दोन्ही गट चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. प्रश्न थकलेल्या माणसाचा आहे, त्याला रस्त्यावर थांबायला जागा आहे का आणि थांबायची मुभा आहे का, एवढाच.

हे सगळ्यात जास्त कळतं ते शेवटच्या दिवशी. पहिले दिवस माणूस फार शहाण्यासारखा वागतो, नकाशा बघतो, दुपारी जेवतो, अंधार पडायच्या आत हॉटेल गाठतो. नेब्रास्कात आय-८० या महामार्गावर लिंकनपासून ग्रँड आयलंडपर्यंत जवळजवळ ७२ मैल रस्ता वळत म्हणून नाही, तिथे आम्ही तासाला ड्रायव्हर बदलत होतो. शेवटचा मुक्काम ओहायोत होता आणि सकाळी उठल्यापासून गाडीतली भाषाच बदलली, 'आता काय, आजच पोचतोय', 'जेवण घरीच करू', 'मध्ये थांबायची काही गरज नाही'. घराकडे तोंड केलेल्या बैलांना हाकावं लागत नाही, तसंच माणसाचं होतं, फक्त इथे हातात बैल नसतात, ताशी ७० मैलांनी धावणारं यंत्र असतं आणि अंगात इतक्या दिवसांचा थकवा साठलेला असतो जो सकाळच्या उत्साहात जाणवतच नाही. शिवाय नव्या घराची किल्ली ऑफिस बंद व्हायच्या आत घ्यायची होती. म्हणजे घाई करायला कारणही होतं, आणि असं कारण शेवटच्या दिवशी प्रत्येकाकडे असतं, कुणाला लग्न गाठायचं असतं, कुणाला सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं.

आमचा शेवटचा दिवस जवळजवळ सगळा पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर गेला. ओहायोच्या हद्दीपासून डेलावेअर नदीपर्यंत साधारण ३६० मैल, डोंगरातून, चार बोगदे पार करत. हा रस्ता समृद्धीचा आजोबाच म्हणा ना. १ ऑक्टोबर १९४० ला अर्विन ते कार्लाइल हा १६० मैलांचा पहिला तुकडा सुरू झाला, दोनेक वर्षांत बांधून काढला होता, मध्ये गाव नाही, सिग्नल नाही, टोल भरा आणि सुसाट जा. तेव्हा लोकांना याचं जे अप्रूप वाटलं असेल ते मला आपल्याकडच्या ११ डिसेंबर २०२२ च्या उद्घाटनानंतरच्या फोटोंवरून चांगलं समजतं. आणि चुकाही आपल्यासारख्याच झाल्या. दोन बाजूंच्या मध्ये जेमतेम दहा फुटांची पट्टी, कठडा नाही, गाड्या पलीकडे जाऊन समोरासमोर धडकायच्या, मग साठच्या दशकात मधले कठडे आले. बोगदे दुपदरी होते तिथे वाहतूक तुंबायची, म्हणून १९६८ मध्ये ब्रीझवुडजवळचा १३ मैलांचा अख्खा तुकडा सोडून देऊन नवा बांधला, जुना आजही तिथे झाडाझुडपांत पडून आहे. म्हणजे अमेरिकेनं पहिल्या दिवसापासून सगळं बरोबर केलं असं काही नाही.

पण एक गोष्ट त्यांनी पहिल्या दिवसापासून केली. १९४० मध्ये रस्ता उघडला तेव्हाच त्यावर पेट्रोल आणि खाण्याच्या जागा ठरावीक अंतरानं तयार होत्या, त्यातली बेडफर्डजवळची अजून चालू आहे. गावं टाळून रस्ता काढायचा तर गावात जे मिळायचं ते रस्त्यावर द्यायला लागणार, हा साधा हिशोब त्यांनी रस्त्याच्या नकाशातच मांडला होता.

आपण तो नाही मांडला. जुन्या जालना-नागपूर रस्त्यावर प्रवास केलेल्यांना आठवत असेल, सिंदखेड राजा, मेहकर, मालेगाव जहांगीर, कारंजा, दर थोड्या वेळानं गाव यायचं, गतिरोधक यायचा, चहाची टपरी यायची, एसटी स्टँडात घुसायची, ड्रायव्हर उतरून तोंडावर पाणी मारायचा. त्या रस्त्याला आपण शिव्या घातल्या, आणि खड्डे होतेच, पण गावं ड्रायव्हरला सक्तीनं जागं ठेवायची हे कुणी लक्षात घेतलं नाही. समृद्धीनं गावं वगळली आणि गावांबरोबर टपरीही गेली. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा खाण्यापिण्याची आणि शौचालयाची सोय त्या लांबीच्या मानानं फारच तोकडी होती, पेपरांत तेव्हा रोज या तक्रारी यायच्या. नंतर पंप आणि थोड्याफार सोयी आल्या, पण ५२० किलोमीटर सरळ सिमेंट, ताशी १२० ची मर्यादा आणि डोळ्यांना बदल नाही, मग 'रोड हिप्नॉसिस', म्हणजे एकसुरी रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी गुंगी येणं, हा शब्द घराघरात गेला तर नवल काय.

इथे मला बायकांबद्दल थोडं जास्त बोलायचंय कारण चर्चेत हे येतच नाही. माझी आई आजही प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. मावशी नाही, काकू नाही, कुणीच नाही. कारण रस्त्यात बायकांना जायला धड जागा नसते हे त्यांना पन्नास वर्षांच्या अनुभवानं माहीत आहे. मग गाडीतली बाई 'जरा थांबवा' म्हणत नाही, आणि कुणी म्हणत नाही म्हणून चालवणारा थांबत नाही. वायोमिंगमध्ये मैलोन्मैल माणूस दिसत नाही अशा ठिकाणी रात्रीसुद्धा दिवे चालू असलेलं, स्वच्छ, फुकट शौचालय होतं, माझ्या दहा वर्षांच्या मुलीला ते इतकं नेहमीचं की तिनं त्याकडे बघितलंही नाही, मी मात्र तिथे उभी राहून आईचा विचार करत होते. शौचालय हा प्रश्न आपण स्वच्छतेच्या खात्यात टाकलाय, पण हायवेवर तो सुरक्षेचा प्रश्न आहे, कारण ज्या गाडीतल्या बायका निर्धास्तपणे थांबायला सांगू शकतात त्या गाडीचा ड्रायव्हर दर दोन तासांनी पाय मोकळे करतो.

टर्नपाइकवर दुपारी सॉमरसेटच्या पुढे आमच्या समोरचा ट्रक हळूहळू उजवीकडे सरकायला लागला, चाक कडेच्या खाचांवर गेलं आणि गाडी झटकन परत लेनमध्ये आली. पुढच्या प्लाझाला, म्हणजे पेट्रोल आणि खाण्याच्या थांब्याला, तो वळला, आम्हीही तिथेच वळलो. या खाचा म्हणजे रंबल स्ट्रिप, चाक गेलं की गाडी थरथरते आणि मोठा आवाज होतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी याच टर्नपाइकनं डांबरात खाच पाडायची एक खास पद्धत बसवली, डुलकी लागलेल्याला आवाजानं उठवण्यासाठी, आणि रस्ता सोडून जाणाऱ्या गाड्यांचे अपघात खूप कमी झाले, नंतर ती देशभर पसरली. यात कुणी ड्रायव्हरला बेजबाबदार म्हणत बसलं नाही. माणसाला झोप येणार हे धरून चालले आणि रस्ता तसा केला. युटाहच्या मिठाच्या वाळवंटातल्या सरळसोट रस्त्यावर तर झोप येत असेल तर पुढच्या एक्झिटला वळा अशा अर्थाच्या पाट्याच आहेत.

आता मुभेचं. इथे ट्रकवाल्याला १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं, आठ तास चालवल्यावर निदान अर्धा तास थांबावं लागतं, प्रवासी बसवाल्याला तर १० तासच. हे तास इंजिनला जोडलेली पेटी मोजते, मालकाच्या वहीवर विश्वास नाही. आपल्याकडे कायदा नाही असं नाही हं, १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलं होतं, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. पण दिवाळीला रेल्वेचं तिकीट मिळत नाही म्हणून विदर्भातली हजारो पोरं पुण्याहून ट्रॅव्हल्सनं घरी जातात, तेव्हा त्या बसचा ड्रायव्हर काल कुठून आला आणि किती झोपला हे कोण विचारतं? १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस जळाली, २५ माणसं गेली. टायर फुटला की डुलकी लागली यावर किती दिवस वाद चालला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ मध्यरात्री टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला, १२ माणसं गेली, ती सैलानीबाबांचं दर्शन घेऊन नाशिककडे घरी परतत होती. घरी परतत होती, हे मला त्या बातमीतलं सगळ्यात जड वाक्य वाटलं. परतीचाच प्रवास, रात्रीचाच, आणि पोचायला थोडंसंच राहिलेलं.

अमेरिका म्हणजे आदर्श असं मी बिलकुल म्हणत नाही. २०२३ मध्ये इथेही रस्त्यांवर ४० हजारांच्या वर माणसं मेली, आणि आपली एक लाख अडुसष्ट हजार, २०२२ ची, लोकसंख्या चौपट असलेल्या देशातली. टर्नपाइकचा टोल ऐकून जालन्यातला माणूस चक्रावेल. ट्रकना रात्री उभं राहायला पुरेशी जागा इथेही नाही, संध्याकाळनंतर प्लाझा भरतात आणि ट्रक रॅम्पच्या कडेला लागतात. २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा ट्रक ड्रायव्हर माल उतरवायच्या वेळेआधी पोचला, थांबायला जागा मिळेना म्हणून साउथ कॅरोलिनात एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर झोपला आणि तिथे लुटारूनं त्याला मारलं. त्याच्या बायकोनं पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रकच्या पार्किंगसाठी त्याच्या नावानं कायदा झाला. म्हणजे त्यांनाही एका घरातला माणूस गेल्यावरच शहाणपण आलं. आपली किती घरं आधीच गेलीयत, आपल्याला नव्यानं शिकायचं काय राहिलंय?

माझा भाचा म्हणतो, 'आत्या, थांबायचंच असेल तर समृद्धी बांधला कशाला, नागपूर-मुंबई आठ तासांत हाच तर पॉइंट आहे.' तो हुशार आहे, गाडीही चांगली चालवतो, पण हा हिशोब त्याला कुणी शिकवलाच नाही. पूर्वी पंधरा-सोळा तास लागायचे. आता ७०१ किलोमीटर आठ तासांत होतात म्हणजे रस्त्यानं तुला सात-आठ तास दिले. त्यातला एक तास स्वतःच्या डोळ्यांना दे, तरी सहा-सात उरतात. आम्ही न्यू जर्सीत शिरल्यावर एडिसन दोन एक्झिट राहिलेलं असताना थांबलो, चहा घेतला, नवऱ्याकडून मी स्टिअरिंग घेतलं. किल्लीचं ऑफिस तोवर बंद झालं होतं, ती रात्र हॉटेलात काढली आणि सामानाच्या ट्रकवाल्यालाही दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ दिली. खर्च झाला, होऊ दे.

आता शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहे, वर्ध्यापासून गोव्याच्या हद्दीपर्यंत, आठशेच्या वर किलोमीटर. कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी जमिनीसाठी लढतायत आणि तो प्रश्न आधी त्यांच्याशी बोलून सुटायला हवा, त्यांच्या डोक्यावरून रस्ता जाऊ नये हे माझं स्पष्ट मत. पण तो रस्ता किंवा दुसरा कुठलाही असा रस्ता झालाच, तर देवदर्शनाहून रात्रीचे परतणारे लोकच त्यावर सगळ्यात जास्त असणार. दर ४०-५० किलोमीटरला दिवे असलेली, बायकांसाठी वेगळी, चोवीस तास उघडी शौचालयं, ट्रक आणि बससाठी झोपायला जागा, कडेला खाचा, आणि रात्रीच्या प्रत्येक खासगी बसमध्ये दोन ड्रायव्हर आहेत का हे टोलनाक्यावर बघणारा माणूस, हे सगळं असल्याशिवाय उद्घाटनाची फीत कापू देऊ नका. ग्रुपवर भांडायचंच असेल तर यासाठी भांडू, आपल्या आमदाराला यावर प्रश्न विचारायला लावू. समृद्धीवर जे अजून अपुरं आहे त्याची यादी दादानं करायला घेतलीय, येत्या खेपेला भाचा दिवसा निघणार आहे आणि प्रत्येक थांब्यावर काय आहे, काय नाही, ते लिहून आणणार आहे.