स्लॅशच्या पलीकडचे

ऑटोकॅडवर, म्हणजे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्या माणसाच्या नशिबी कधी ना कधी वारसा येतोच. जमीनजुमला नाही हो, लिस्प फाइल, म्हणजे ऑटोकॅडमध्ये आपल्या सोयीच्या कमांड करायला लिहिलेला प्रोग्रॅम. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, फाइलमध्ये कॉमेंटच्या नावाने बोंब असते आणि ती हवाली करणारा माणूस फक्त एवढंच म्हणतो, "चालतीये ना, मग हात नको लावूस."

मला मिळालेली फाइल ऑब्जेक्टना ओळीने नंबर टाकते. म्हणजे मूड असला तर टाकते. माझ्या मशीनवर दिवसभर उघड्या असलेल्या ड्रॉइंगमध्ये एकदम शहाण्यासारखी चालायची, आणि शेजारच्याने तीच फाइल कोऱ्या ड्रॉइंगमध्ये लोड केली की कमांड लाइनवर 'बॅड आर्ग्युमेंट टाइप: नंबरपी: निल'. आकडा हवा होता, मिळालं काहीच नाही. मग तो माझ्याकडे बघणार, मी त्याच्याकडे बघणार, आणि तिसरा कोणीतरी लांबून ओळखीचा सल्ला देणार की रीस्टार्ट मारून बघा.

भानगड अशी की ऑटोलिस्पमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या लिस्प भाषेत, व्हेरिएबल (किंमत ठेवायची नाव दिलेली डबी) आधी जाहीर करा वगैरे शिस्तच नाही. सेटक्यू म्हटलं की व्हेरिएबल तयार, आणि तयार झालं ते सरळ ग्लोबल, म्हणजे त्या ड्रॉइंगमध्ये सगळ्यांना खुलं. कमांड संपते, ते संपत नाही, ड्रॉइंग बंद होईपर्यंत तिथेच ठाण मांडून बसतं. कमांड लाइनवर उद्गारचिन्ह टाकून त्याचं नाव लिहा, लगेच हजेरी देतं. उलट जे नाव आयुष्यात कोणी घेतलेलं नाही ते विचारलं तरी ही भाषा तक्रार करत नाही, गुपचूप निल हातात ठेवते. तर आमच्या नंबरवाल्या कमांडला अक्षरांची उंची लागायची, टीएच नावाच्या व्हेरिएबलमधून, पण ती त्यात भरायची मात्र दुसरीच एक कमांड, जी मी रोज सकाळी सवयीने चालवायचो आणि शेजारचा कधीच चालवत नव्हता. आणि प्रत्येक उघड्या ड्रॉइंगचा व्हेरिएबलचा संसार वेगळा असतो, त्यामुळे माझ्याकडची उंची त्याच्याकडे काय, माझ्याच दुसऱ्या ड्रॉइंगमध्येसुद्धा पोचत नव्हती.

ते लोकल, म्हणजे त्या कमांडपुरतंच, करायचं तर काय करायचं? एक तिरकी रेघ. बास. कमांड किंवा फंक्शन लिहायला घेताना जे डीफन म्हणतात, त्याच्या कंसात स्लॅश द्यायचा, स्लॅशच्या अलीकडे आर्ग्युमेंट (बाहेरून द्यायच्या किमती), पलीकडे लोकल:

(डीफन सी:नंबर ( / एसएस आय टीएच) ...)

आता त्या स्लॅशनंतर एक स्पेस आहे बघा. ती खाल्ली की '/एसएस' हे अख्खं एक आर्ग्युमेंटचं नाव होतं, त्याच्या मागचेही सगळे आर्ग्युमेंट होतात, आणि कमांड चालवली की उत्तर येतं, टू फ्यू आर्ग्युमेंट्स. एका रिकाम्या जागेला इतका मान मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

तर उंचीचं ते दुखणं गेलं, टीएच लोकल केलं, कमांडच्या सुरुवातीलाच विचारून त्यात उंची भरली, शेजारच्याकडे पण चालायला लागलं. दुपारी त्याची हाक. शंभरेक ऑब्जेक्ट निवडले तर कमांड थांबतच नाही, एस्केप दाबावं लागतं, आणि तीन निवडले तर पहिल्यालाच नंबर देऊन काम झालं म्हणते.

इथे खरी गंमत आहे, म्हणजे आता गंमत वाटते. कितवा ऑब्जेक्ट चाललाय ते मोजायला ठेवलेलं आय तर पहिल्यापासून स्लॅशच्या पलीकडे होतं, रीतसर लोकल. पण ती कमांड मध्येच एका छोट्या फंक्शनला हाक मारते, लेबलातलं एकेक अक्षर तपासायला. आणि त्या फंक्शनमध्येही मोजायला आयच, तिथे मात्र स्लॅशचा पत्ता नाही. लेबल चार अक्षरी, म्हणजे ते फंक्शन आयला शून्यावर आणून चारवर सोडणार, परत आल्यावर एकेक ऑब्जेक्ट घेत फिरणारं लूप त्यात एक मिळवणार, झाले पाच. पुढच्या फेरीला परत चार, परत पाच. शंभर ऑब्जेक्ट असले तर पाच कधी शंभराच्या पुढे जायचं नाही, तीनच असले तर पाच आधीच पुढे गेलेलं! म्हणजे लोकल म्हणून ठेवलेली वस्तू घरातल्या कात्रीसारखी, आत आलेला कोणीही उचलणार आणि भलतीकडे ठेवून जाणार.

याला डायनॅमिक स्कोप म्हणतात. फंक्शन कुठे लिहिलंय ते बघायचं नाही, त्याला कोणी बोलावलंय ते बघायचं, आणि बोलावणाऱ्याचे लोकल ते बोलावलेल्याला सगळे दिसणार. हा रोग ऑटोलिस्पचा एकटीचा नाही, खानदानी आहे. लिस्प १९५८ सालची, जॉन मॅकार्थींची. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की जेम्स स्लॅगल या व्हेरिएबलच्या घोळाची तक्रार घेऊन आले तेव्हा त्यांना तो साधा बग वाटला होता, सहकारी स्टीव्ह रसेल करतील दुरुस्त. (ऑफिसातल्या प्रत्येक अडचणीवर असाच एक रसेल असतो.) रसेलनी उपाय शोधलाही, पण जिथे लिहिलंय तिथलंच बघायचं, हा लेक्सिकल स्कोप लिस्पच्या घरात नीट रुजवला तो १९७५ च्या स्कीम नावाच्या लिस्पने. ऑटोलिस्प आली १९८६ मध्ये, आणि तिने आजोबांचीच चाल उचलली.

मग मी त्या फाइलमधली सगळी फंक्शन काढून एकेक नाव स्लॅशच्या पलीकडे ढकलत बसलो. त्यात एके ठिकाणी पूर्वजांनी व्हेरिएबलचं नाव चक्क एंगल ठेवलेलं. इथे फंक्शनचं आणि व्हेरिएबलचं नाव एकाच खात्यात, त्यामुळे सेटक्यू एंगल म्हटलं की कोन काढणारं मूळचं फंक्शनच गायब, आणि त्यानंतर त्या ड्रॉइंगमध्ये ज्याला ज्याला कोन काढायचा असेल त्याने कपाळाला हात लावायचा. बरं, हे लोकल करूनही भागत नाही, कारण मग आत एंगल म्हणजे निल. शेवटी नावच बदललं. एररसाठीचं स्टार-एरर-स्टारही ग्लोबलच ठेवलेलं, म्हणजे आमची एक कमांड चालवली की पुढे बाकीच्यांच्या चुकांवरही आमचाच मेसेज! तेही पलीकडे. ओस्नॅप (कर्सर नेमक्या बिंदूवर चिकटवणारी सोय) बंद करून ठेवायची खोड मात्र स्लॅशला ऐकत नाही, ते ऑटोकॅडचं स्वतःचं सिस्टिम व्हेरिएबल, आधीची किंमत जपून शेवटी स्वतःच्या हाताने परत ठेवावी लागते, कोणी मध्येच एस्केप दाबलं तरी.

एवढं झाल्यावर शेजारचा आलाच. "सगळं मस्त चालतंय, पण तुझ्याकडे पूर्वी गेल्या वेळची उंची आपोआप यायची, आता दरवेळी टाइप करायला लावतंय."

हे काम ग्लोबलचंच. तेव्हा एक ठेवलंय, दोन्ही बाजूंना चांदणी लावून आणि नाव इतकं लांबलचक की चुकूनसुद्धा दुसऱ्या कोणाला सुचू नये: *नंबर-कमांडची-मागच्या-वेळची-उंची*. शेजारच्याने ते वाचलं आणि विचारलं, हे टीएच केलं तर चालेल का.