आत्याचं घर कोणाचं?

आत्या गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. मूल नाही, आतोबा लग्नानंतर सहाव्या वर्षीच गेलेले. तिच्या नावावर तीन गोष्टी होत्या: आजोबांच्या वाटणीतून आलेला आठ हापूस कलमांचा तुकडा, आतोबांच्या मागे मिळालेला त्यांच्या गावचा हिस्सा, आणि तीस वर्षं शाळेत शिकवून आमच्याच वाडीत बांधलेलं चिऱ्याचं घर.

वारस नोंदीसाठी धावाधाव सुरू झाली तेव्हा कळलं की कायदा या तिन्हीकडे वेगवेगळ्या डोळ्यांनी बघतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम १५. बाईला नवरा नाही, मूलबाळ नाही, मृत्युपत्रही नाही, तर आईबापांकडून वारशाने आलेलं बापाच्या वारसांकडे परत जातं. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेलं नवऱ्याच्या वारसांकडे. इथवर आमचं काही म्हणणं नाही. पण तिने स्वतःच्या पगारातून उभं केलेलं घर? तेही आधी नवऱ्याच्या वारसांकडे. आईवडिलांचा नंबर त्यानंतर.

म्हणजे आंब्याची कलमं बाबांकडे आणि धाकट्या आत्याकडे आली, आणि घर गेलं डोंबिवलीच्या दिरांकडे. या दिरांनी ते घर कधी आतून पाहिलेलंसुद्धा नव्हतं. माणूस वाईट नाही हो, फोनवर स्वतःच संकोचले होते. पण सातबाऱ्याला संकोच कळत नाही.

उलट करून बघा. पुरुष निपुत्रिक वारला तर त्याची कमाई बायकोला आणि आईला जाते. दोघी नसतील तर बाप, मग भाऊ-बहिणी. बायकोच्या भावाचं नाव त्या यादीत कुठेही नाही. मग बाईच्याच पगारावर तिच्या सासरचा पहिला हक्क कसा?

हे नवीन नाही. नारायणी देवी लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाल्या, सासरने बाहेर काढलं, माहेरने शिकवलं, नोकरी केली. त्यांची स्वकष्टार्जित मिळकत कोणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००९ साली निकाल सासरच्या बाजूने लागला. कायदा स्पष्ट असताना सहानुभूती चालत नाही, असा त्याचा सूर. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, विधी आयोगाने आपल्या २०७व्या अहवालात अशी मिळकत माहेर-सासर दोघांत सारखी वाटावी, असं सुचवलं होतं. कलम अजून जिथल्या तिथे आहे.

आता आमच्या घरचंही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. पंधरा वर्षांपूर्वी आम्हीच आत्याला हक्कसोडपत्रावर, म्हणजे माहेरच्या जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करायला सांगितलं होतं. तिने केली नाही, त्यावरून दोन गणपती ती आमच्याकडे जेवली नाही. कोकणात किती बहिणींनी अशा सह्या केल्यात ते मोजायला बसलो तर वाडीच्या वाडी निघतील. तेव्हा माहेरच्या हक्काबद्दल मी छाती फुगवून बोलावं, असं नाही.

आणि बँकेतल्या ठेवींवर बाबा नॉमिनी होते, त्यामुळे त्या आपल्याच असं आम्ही धरून चाललो होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेकडून पैसे त्याने घ्यायचे आणि वारसांच्या हवाली करायचे. पगारातल्या ठेवी, म्हणजे त्याही डोंबिवलीला.

यातलं बरंचसं एका कागदाने टळलं असतं. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी), दोन साक्षीदार मात्र लागतात. त्यात घर भावाला, भाचीला, शाळेला, कोणालाही देता येतं. मी तिला दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर: "मी काय आताच मरतंय काय?" तिसऱ्यांदा विचारायला मलाच लाज वाटली. घरावर डोळा आहे असं वाटेल, म्हणून.

धाकट्या आत्यालाही मूल नाही. परवा तिचाच फोन आला.

"साक्षीदार दोन व्हये ना रे? शेजारची दोघा चालतीत?"