सुट्टी वाया गेली म्हणे!

"गोव्यात कुठेच खोली मिळाली नाही, मुलांची दसऱ्याची सुट्टी वायाच गेली," असे आज सकाळी एका परिचितांनी मला सांगितले आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. बेळगावात राहणाऱ्या माणसाने असे म्हणावे? इथून जेमतेम 25-26 किलोमीटरवर खानापूर आहे. त्याच तालुक्यात कणकुंबीच्या माउली देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते, तर देगावच्या डोंगरात उगम पावलेली म्हादई पश्चिमेला जाऊन गोव्यात मांडवी म्हणून ओळखली जाते. ज्या गोव्यासाठी एवढी हळहळ चालली आहे, त्याची नदी आपल्या तालुक्यात जन्मते, हे त्या मुलांना कोणी दाखवले आहे का?

लहानपणी दसऱ्याची सुट्टी लागली की मला याच खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात आत्याकडे पाठवत. एके सकाळी ती मला भाताच्या बांधावर घेऊन गेली. गवतावरच्या कोळ्यांच्या जाळ्यांत दव अडकले होते आणि बिळाच्या तोंडाशी एक खेकडा डोळे वर काढून बसला होता. आत्याने लोंबीतला एक दाणा नखाने दाबला, तर त्यातून पांढरा चीक आला. "अजून दूध हाय, दाणा भरायचाय," एवढेच ती म्हणाली. मग मी एकेक दाणा दाबतच सुटले, तेव्हा तिने माझा हात धरला, कारण दाबलेला प्रत्येक दाणा हा गेलेला दाणा होता.

आज त्याच भागातल्या धबधब्यांवर डिकी उघडून स्पीकर लावतात आणि बाटल्या फोडून खडकावर टाकतात. याचा मला संताप येतो. याच तालुक्यातल्या भीमगडच्या ज्या रानाला 2011 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्याच रानातल्या बारापेडेच्या गुहेत असे एक वटवाघूळ राहते, जे कित्येक दशके जगात दुसरीकडे कुठे आढळल्याची नोंदच नव्हती. अशा मुलखाच्या वेशीवर हा धिंगाणा चालावा!

नोकरी करणाऱ्या आईबापांना रजा मिळत नाही आणि अस्वलांच्या, गव्यांच्या रानात वाटेल तिथे शिरू नये, हे मान्य. पण भाताच्या बांधावर उभे राहायला एक सकाळ पुरते आणि ती सकाळ आपण मुलांना देत नाही.

आत्याच्या त्या बांधावर खेळणे नव्हते, खाऊ नव्हता आणि ती स्वतःही फारशी बोलत नसे. तरीही पुढच्या कितीतरी सुट्ट्यांत मी पहाटे तिच्याआधी उठून दारात बसत असे. आता ती थकली आहे, शेत भाऊ बघतो, आणि यंदाही भात पोटरीतून बाहेर येऊन दाण्यात दूध भरत आहे.

खानापूर, जांबोटी, नंदगड भागात ज्यांची शेते आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: शहरातल्या भाचरांना या आठवड्यातच बोलावून घ्या. सुगी सुरू झाली की तुम्हाला त्यांच्याकडे बघायला सवड मिळणार नाही आणि तोवर त्यांची शाळाही उघडलेली असेल.