नाव ठेवा, नाहीतर आम्ही नावं ठेवू

आज परत तेच. रविवारी सकाळी चहा घेऊन एका ओपन सोर्स प्रोजेक्टच्या पुल रिक्वेस्ट (लोकांनी कोडमध्ये सुचवलेले बदल) बघायला बसलो, तर पहिल्याच डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात, फंक्शनचं नाव काय, 'चेकयूजर'. बरं, काय चेक करतं? लॉगिन आहे का, अ‍ॅडमिन आहे का, की जिवंत आहे का? आत जाऊन बघतो तर लॉगिनचं टोकन एक्स्पायर झालेलं असलं की हा पठ्ठ्या गुपचूप यूजरचं सेशनच उडवतो, म्हणजे त्याला लॉगआउट करतो, आणि वर ट्रू (म्हणजे 'हो') रिटर्न करतो!! अरे मग तसं नावात लिही ना बाबा, कॉल करणाऱ्याला काय स्वप्न पडणारे का.

मी कमेंट टाकली तर उत्तर आलं की लॉजिक बरोबर आहे, टेस्ट पास आहेत, नावाचं काय एवढं. नावाचं काय एवढं! सी प्लस प्लस भाषेत व्हेक्टरचं (म्हणजे यादीचं) एम्प्टी फंक्शन बघ, ते रिकामं करत नाही, रिकामं आहे का एवढंच विचारतं, रिकामं करायला क्लिअर, आणि लोकांनी यात इतकी माती खाल्ली की शेवटी सी प्लस प्लस २० मध्ये त्याला नोडिस्कार्ड चिकटवावं लागलं, म्हणजे उत्तर न वापरता नुसतंच कॉल केलं की कंपायलर वॉर्निंग देतो. एका शब्दापायी! पायथॉनवाले त्यातल्या त्यात बरे, सॉर्ट आहे ती लिस्ट बदलतं, सॉर्टेड नवीन देतं.

असो. तासाभराने पठ्ठ्याने नाव बदललं. 'चेकयूजर२'.