खुलासा : आयर्लंडच्या विहिरीवरच्या चिंध्यांबद्दल

चिंध्यांनी लगडलेल्या झाडाचा फोटो सध्या फिरतोय. खाली मजकूर : 'आयर्लंडमध्येही नवस बोलून कापड बांधतात, ते जितकं टिकेल तितकं फळ, म्हणून नायलॉनची रिबीन न्या.' यातलं टिकण्याचं गणित साफ उलटं आहे.

तिथल्या पवित्र विहिरींना आयरिशमध्ये 'टोबर' म्हणतात. रहाट-पोहरा नाही, बहुतेकदा दगडांनी बांधून घेतलेला झरा. जुनी रीत अशी : अंगावरच्या कपड्याची पट्टी फाडायची, पाण्यात भिजवायची, दुखऱ्या जागी फिरवायची आणि शेजारच्या झाडाला बांधायची. पट्टी कुजत जाते तसं दुखणं ओसरतं, ही श्रद्धा. नायलॉन कुजणार कधी? वर ते फांदीला काचतं ते वेगळंच.

गोंधळ बहुधा 'ब्रात ब्रीदे' म्हणजे ब्रिजिडचं कापड, या दुसऱ्याच प्रथेमुळे झाला असावा. सेंट ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे 31 जानेवारीला, घराबाहेर कापड ठेवतात. ते सकाळी आत आणून डोकेदुखीसाठी, बाळंतपणासाठी जपून ठेवतात. जपायचं कापड हे, झाडावरचं नव्हे. क्लेअर परगण्यात लिस्कॅनरला ब्रिजिडची विहीर आहे. आत जायच्या बोळात फोटो, जपमाळा, मूर्ती यांची नुसती दाटी.

झाडात नाणी ठोकण्याचा सल्लाही मजकुरात आहे. लीश परगण्यात क्लोनेना इथल्या सेंट फिंटनच्या झाडाला भाविकांनी अशीच नाणी ठोकली. धातूचं विष भिनून ते 1994 मध्ये कोसळलं. मुळाशी पुन्हा फुटवे आले, हे नशीब.