राखेची तक्रार कशी करावी

'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे,' असा मेसेज गेल्या आठवड्यात मोबाईलवर आला. कारण दिले होते: पाहणीवेळी राख उडताना आढळली नाही. पाहणी भर पावसात झाली होती, त्यामुळे निष्कर्षात खोट काढायला जागाच नाही. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळून उरलेली राख जिथे साठवतात, त्या बंधाऱ्याला लागून ज्यांची शेती आहे, अशा समस्त भाग्यवंतांच्या उपयोगी पडावे म्हणून चार शब्द.

तक्रार एप्रिलमध्येच करून टाकावी, म्हणजे पाहणीच्या साहेबांना जुलैत यायला सवड होते.

साहेब कधी येणार हे तुम्हाला कळवत नाहीत, केंद्राला बरोबर कळते. पण खूण सोपी आहे. उघड्या राखेचे हायवा ट्रक सकाळपासून गायब झाले आणि उरलेल्या दोघा-तिघांवर कोरी ताडपत्री दिसली, की समजावे निघाले. गाडी बंधाऱ्यापाशी थांबते, काच अर्धी खाली येते. चिखल असल्यामुळे उतरणे होत नाही. मी म्हटले, साहेब, पावसात राख उडत नाही, वाहते. बंधाऱ्यावरून ओघळते, कपाशीच्या सऱ्यांमध्ये बसते आणि उघडीप मिळाली की सिमेंटसारखी धरते. फावडे मारून दाखवले. वर तीन बोटे करडा थर, खाली आमची काळी माती. पंचनाम्यात काय आले? 'शेतात करड्या रंगाचा गाळसदृश थर, उगम अज्ञात.' दगड भिरकावला तर बंधाऱ्यात पडेल एवढ्या अंतरावर उभे राहून लिहिले हे! विहिरीच्या पाण्याचा नमुना तरी घ्या म्हटले, तर बाटली आणली नव्हती. मी घरची धुतलेली बाटली पुढे केली, तर 'अशी चालत नाही.' नसेल चालत. मग चालणारी कोणी आणायची? पाण्याची तक्रार, पाण्याची पाहणी, आणि बाटली शेतकऱ्याने आणायची? सही मात्र कोऱ्या जागेवर मागितली.

असो. रागावू नये, रक्तदाब वाढतो.

माहिती अधिकारात अर्ज जरूर टाका. 30 दिवसांनी 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' असे पत्र येते. ते जपून ठेवा, पुढच्या कार्यालयात तेच दाखवायचे असते.

नवा संच यायचा असेल तर जनसुनावणी चुकवू नका. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे 30 दिवस आधी पेपरात जाहिरात द्यावी लागते, ती निविदांच्या गर्दीत शोधावी. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा मूळ अहवाल इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश. सारांशात आपल्या गावाचे नाव सापडले तर पेढे वाटा. पुढच्या खुर्च्यांवर कंत्राटदाराची पोरे आधीच बसलेली असतात, त्यांना विकास हवा असतो. तुमचे म्हणणे नोंदवून घेतात. नोंदवूनच घेतात.

गावाची लोकसंख्या दहा लाखांवर न्या. धुरातला गंधक काढणारे यंत्र 2025 च्या जुलैपासून सरसकट सक्तीचे आहे ते दिल्ली परिसराच्या किंवा एवढ्या मोठ्या शहराच्या 10 किलोमीटरच्या आतल्या केंद्रांनाच. बहुतेकांना सूट मिळाली. आपली फुप्फुसे जनगणनेत कमी पडली, दुसरे काय.

आणि खोकायचे झाले तर केंद्राने सामाजिक दायित्वातून दिलेल्या बाकावर बसूनच खोकावे. पाठीवर त्यांचे नाव रंगवलेले आहे.

पुरे झाला हा तमाशा. राख वापरून संपवा, हा नियम 1999 पासून कागदावर आहे. धुराची मर्यादा 2015 च्या डिसेंबरात ठरली, दोन वर्षांत पाळायची होती. मुदत सरली, वाढवली, परत वाढवली आणि शेवटी सूट. न वापरलेल्या राखेला टनामागे 1000 रुपये भरपाई 2021 च्या अखेरीस लावली. 2022 च्या पावसाळ्यात नागपूरजवळ खसाळ्याचा बंधारा फुटला, राख शेतांत आणि नदीत गेली. त्यानंतरही साहेब, तुम्ही गाडीतून उतरत नाही? पगार कशाचा घेता? आमच्या उशाला कोळसा जाळता, ओलिताला लाईट रात्रीचीच देता, आणि वरून पुरावा आम्हीच आणायचा? उन्हाळ्यात या, वारा सुटल्यावर या, न सांगता या. बाटल्या घेऊन या. विहिरींचे निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा. आणि पंचनाम्यात उगम लिहा, सहीशिक्क्यानिशी.