मेलमन थांबला म्हणून पत्रं पुसू नका

मुंबईत छोट्या संस्थांच्या मेलिंग लिस्ट (एक पत्र सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या ईमेल-याद्या) मेलमन या प्रोग्रॅमवर सांभाळणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांत एक फॉरवर्ड फिरतोय: ‘पत्रं जात नसतील तर सर्व्हर रीबूट करा, लॉक फोल्डर रिकामा करा, शंट फोल्डर उडवा, पीएसमध्ये मेलमन दिसला की काम झालं.’ पीएस म्हणजे चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, यादी दाखवणारी आज्ञा. फॉरवर्डमधला हा शेवटचा सल्ला सगळ्यांत फसवा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

मेलमन 2.1 हा एकच प्रोसेस नाही. एक मुख्य प्रोसेस आणि त्याच्या हाताखाली इनकमिंग, आउटगोइंग, अर्काइव्ह, बाउन्स, कमांड, न्यूज, व्हर्जिन, रीट्राय असे आठ रनर, म्हणजे एकेक काम सांभाळणारे प्रोसेस. एक गेला तरी बाकीचे सात दिसतच राहतात. आउटगोइंग गेला तर पत्र अर्काइव्हमध्ये (जुन्या पत्रांच्या साठ्यात) दिसतं, पण सभासदांना मिळत नाही. अर्काइव्ह गेला तर नेमकं उलट. तेव्हा आठ मोजा, आणि कोणता नाही ते बघा.

रीबूट? पडलेल्या रनरला मुख्य प्रोसेस स्वतःच उठवतो, पण 10 वेळा. मग क्यूरनर लॉगमध्ये (रनरांच्या नोंदवहीत) तशी नोंद करून नाद सोडतो. रीबूटनं ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, दुखणं तसंच राहतं. डिस्क भरली असेल, किंवा कुणी रूटनं (सर्वाधिकारी खात्यानं) कमांड चालवून फाइलींची मालकी बिघडवली असेल. आधी एरर लॉग वाचा, डीएफनं डिस्कवरची मोकळी जागा बघा, फाइलींची मालकी तपासणारं चेक-पर्म्स चालवा.

लॉकच्या सूचनेत थोडं तथ्य आहे. लॉक म्हणजे ‘हे काम अमुक प्रोसेसच्या हातात आहे’ अशी खूण ठेवणारी फाइल. गेल्या पावसाळ्यात दादरच्या एका कार्यालयात वीज गेली, यूपीएसही संपला आणि जुना लॉक मागे राहिला. मेलमन सुरूच होईना. त्यासाठी मेलमन सुरू-बंद करणाऱ्या मेलमनसीटीएल या आज्ञेला ‘उणे एस’ (-s) देऊन स्टार्ट करायचं. लॉकमधल्या क्रमांकाचा प्रोसेस चालू नसेल तरच ही आज्ञा लॉक काढते. रीबूटनंतर तोच क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळाला असेल, तर मात्र ती अडते. मग मेलमनचा एकही प्रोसेस चालू नाही याची खात्री करून मास्टर-क्यूरनरचा, म्हणजे मुख्य प्रोसेसचा, लॉक हातानं काढावा. चालत्या मेलमनखालून सगळे लॉक काढले, तर लिस्टच्या सेटिंगमधले बदल एकमेकांवर लिहिले जातात. वर दुसरा मुख्य प्रोसेस उभा राहिला, तर एकच पत्र दोनदाही जाऊ शकतं.

आणि शंट उडवायचा सल्ला वाचून तर मला राग येतो. तो कचऱ्याचा डबा नाही. प्रक्रिया करताना एरर आली की मेलमन पत्र तिथं जपून ठेवतो आणि कारण एरर लॉगमध्ये लिहितो. त्याच दादरच्या सर्व्हरवर शंटमध्ये मला एका ज्येष्ठ सभासदाच्या शोकसभेची सूचना सापडली. सभा होऊन आठवडा झाला होता. फोल्डर उडवला असता तर ती आली होती हेही कळलं नसतं. शो-क्यूफाइल्स या आज्ञेनं प्रत्येक पत्र बघा, स्पॅम आणि शिळं झालेलं बाजूला काढा, एररचं कारण दूर करा, आणि मगच अनशंट चालवा. उरलेली पत्रं पुन्हा रांगेत लागतात.